पकड शिकवणारी माणसं

(कबड्डीचे एक ज्येष्ठ क्रीडाशिक्षक यांच्या स्मरणार्थ बुलडाणा येथे भरणाऱ्या व्याख्यानमालेतील व्याख्यान)

मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या पोट्ट्यांनो, पुढच्या दोन रांगा रिकाम्या आहेत. या, बसा. कबड्डीवर बोलायचं आणि खेळणारे मागे उभे, हे सरांना चाललं नसतं.

संयोजकांनी मला विषय दिला होता ‘सरांचं जीवन आणि कार्य’. मी तो बदलून मागितला. आपल्यावर कुणी भाषण करतंय हे कळलं असतं तर सर शिटी गळ्यात अडकवून मैदानाकडे चालू लागले असते. म्हणून आज सरांच्या कामाबद्दल बोलतो. ते काम पकड शिकवण्याचं. चढाई शिकवणारे आपल्या जिल्ह्यात पुष्कळ झाले. पकड शिकवणारे फार थोडे, आणि त्यातही आयुष्यभर तेच करत राहिलेले बोटावर मोजावेत इतकेच. माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगून टाकतो: चढाईपटू मिळतो, पकडपटू घडवावा लागतो, आणि तो घडवायला जितका वेळ लागतो तितका वेळ आपण कुठल्याही प्रशिक्षकाला देत नाही.

आपल्याकडची स्पर्धा कशी होते ते आठवा. चिखली असो, मेहकर असो की मोताळा. कपाशी-सोयाबीनची काळी माती, उन्हाळ्यात भेगा आणि पावसात रेंदा, म्हणून दोन ट्रॉली मुरूम आणून पसरायचा, रोलर फिरवायचा, चुन्याने रेषा मारायच्या. लाउडस्पीकरवर समालोचक. त्याच्या तोंडी नाव कुणाचं? चढाईला निघालेल्याचं. तो मध्यरेषा ओलांडतो, दम घुमतो, लोक उभे राहतात. तो तीन गडी टिपून परत आला तर पन्नास-शंभराच्या नोटा बक्षीस म्हणून जाहीर होतात. आणि सात जणांनी मिळून त्याला धरला तर? तेव्हाही गर्दी ओरडते, पण नाव कुणाचं घ्यायचं हे समालोचकाला कळत नाही. ‘सुंदर पकड!’ एवढं म्हणून तो पुढच्या चढाईकडे वळतो. ‘उत्कृष्ट पकड’ हे बक्षीस असतं, नाही असं नाही. पण ते जाहीर होईपर्यंत निम्मा मंडप सुटलेला असतो.

आता बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, सात जण विरुद्ध एक, यात शिकवायचं काय? हिशेब करून पाहा. पुरुषांचं मैदान 13 मीटर लांब, 10 मीटर रुंद. म्हणजे एका बाजूला साडेसहा मीटर. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, त्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. चढाईपटूला तीस सेकंद. त्या तीस सेकंदांत कधी घुसायचं, कुणाला टिपायचं, की नुसतं निदान रेषा ओलांडून परतायचं, हे सगळं त्याच्या हातात. पकडणाऱ्यांच्या हातात फक्त वाट पाहणं. तो निसटला तर ज्याचा-ज्याचा हात त्याला लागला तो-तो बाद. म्हणजे चौघांनी मिळून धरलं आणि त्याची बोटं मध्यरेषेला टेकली, तर चार गेले. पकड यशस्वी झाली तर गुण एकच. चूक महाग, यश स्वस्त. अलीकडे तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना पकड झाली तर जादा गुण मिळतो, ज्याला वर्तमानपत्रं ‘अव्वल पकड’ म्हणतात. तेवढाच काय तो न्याय. पण खरा फायदा गुणफलकावर दिसत नाही. पकड झाली की समोरचा हुकमी चढाईपटू बाहेर बसतो आणि आपला एक बाद गडी आत येतो. सामने इथेच फिरतात.

सर कोपऱ्यातल्या पोराला काय शिकवत असत ते ज्यांनी पाहिलं त्यांना आठवत असेल. पहिला नियम, तोंडाकडे पाहायचं नाही. तोंड खोटं बोलतं. पाय पाहायचे. चढाईपटू बोनससाठी पाय पुढे टाकतो तेव्हा नियमच असा आहे की पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकताना मागचा हवेत हवा. तेवढ्या क्षणापुरतं त्याचं सगळं वजन एकाच पायावर असतं, आणि तो पाय कोपरा रक्षकाच्या हाताच्या टप्प्यात. घोटा धरायचा तो तेव्हा. एक निमिष आधी गेलात तर तो पाय काढून घेतो, एक निमिष उशीर केलात तर तो मागे वळलेला असतो. आणि घोटा धरला म्हणजे काम झालं असंही नाही. घोटा धरणारा जमिनीवर पडलेला असतो. त्याच क्षणी कव्हरमधल्याने कंबर, दुसऱ्याने पट, आणि पलीकडच्या कोपऱ्याने मध्यरेषेची वाट अडवलेली हवी. ते आले नाहीत तर एकटा पडलेला गडी फरफटत जातो. म्हणून सर पोट्ट्यांना चढाईपटूशिवाय सराव द्यायचे. हातात हात, साखळी धरून, निदान रेषेच्या मागे डावीकडून उजवीकडे नुसतं सरकायचं. तासभर. नवीन पोरं कंटाळून निघून जायची. उरायची ती सरांची.

हा कंटाळा हाच माझ्या व्याख्यानाचा विषय आहे म्हटलं तरी चालेल. तो जगात सगळीकडे सारखाच आहे. एक उदाहरण पार अमेरिकेतलं देतो. आपल्याला त्यांचा फुटबॉल कळत नाही, मलाही तो टीव्हीवर पाहूनच थोडाफार कळला. पण आज ऐकण्यासारखी गोष्ट एवढीच की त्या खेळात चढाई करणारे अकरा आणि अडवणारे अकरा हे संपूर्ण वेगळे खेळाडू असतात. चेंडूचा ताबा बदलला की अकरा बाहेर, दुसरे अकरा आत. दोन्हींचे प्रशिक्षकही वेगळे. मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली बचावाचा एक प्रमुख असतो आणि तो फक्त अडवणं शिकवतो. महाविद्यालयांच्या सामन्यांना तिथे साठ-सत्तर हजार लोक बसतात. पैसा अफाट, तो भाग सोडा.

व्हर्जिनिया राज्यातल्या डोंगराळ भागात ब्लॅक्सबर्ग नावाचं गाव आहे. तिथल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात बड फॉस्टर नावाचा गृहस्थ 1987 साली आला. आधी केंटकीतल्या मरे स्टेट विद्यापीठात तो खेळला, तिथेच फ्रँक बीमर यांच्या हाताखाली मदतनीस झाला, आणि बीमर ब्लॅक्सबर्गला मुख्य प्रशिक्षक म्हणून निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर गेला. 1995 पासून बचावाची जबाबदारी त्याच्याकडे आली. ती त्याने 2019 चा हंगाम संपेपर्यंत सांभाळली. एका विद्यापीठात तेहतीस हंगाम, त्यातले पंचवीस बचावाचा प्रमुख म्हणून. 2015 नंतर बीमर निवृत्त झाले, नवे मुख्य प्रशिक्षक आले, तरी फॉस्टर जागेवरच. मुख्य प्रशिक्षक तो कधीच झाला नाही. 2006 मध्ये देशातल्या सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाचा ब्रॉयल्स पुरस्कार त्याला मिळाला, आणि त्या हंगामात त्याच्या संघाने देशात सगळ्यात कमी गुण दिले होते. त्या विद्यापीठाचा जगभर माहीत असलेला खेळाडू मात्र मायकेल व्हिक, म्हणजे चढाईच्याच बाजूचा. समालोचक तिथेही आपल्यासारखेच.

फॉस्टरची मला आवडलेली गोष्ट वेगळी आहे. 1995 पासून त्याच्या संघात एक डबा होता. खाणीतला मजूर जेवणासाठी नेतो तसला साधा पत्र्याचा डबा. दर सामन्याला बचावातल्या एखाद्याकडे तो सोपवायचा. त्या आठवड्यात ज्याने जास्त घाम गाळला त्याने डबा घेऊन मैदानावर जायचं. आत संघाने स्वतःशी केलेले ठराव, आणि दुसऱ्याच्या मैदानावर जिंकलं की तिथल्या हिरवळीचा एक तुकडा. पुढे कीर्ती वाढली, स्टेडियम भरू लागलं, डबा तोच. 16 एप्रिल 2007 ला त्या विद्यापीठात गोळीबार झाला आणि 32 जण मारले गेले. त्या वर्षी त्या डब्याबरोबर त्या बत्तीस जणांची नावं गेली. बचाव करणाऱ्या पोरांवर ती नावं वाहण्याची जबाबदारी द्यावी असं तिथल्या लोकांना वाटलं, यात मला तरी सगळं आलं.

यातला दुसरा मुद्दा आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा. महाविद्यालयाचा खेळाडू तिथे चार वर्षं खेळतो, आपल्याकडे जेमतेम तीन. अमरावती विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा ज्यांनी खेळल्या त्यांना ठाऊक आहे: पहिल्या वर्षी पोरगा राखीव, दुसऱ्या वर्षी आत येतो, तिसऱ्या वर्षी कुठे त्याची साखळी जुळायला लागते आणि तो पदवी घेऊन पुण्याला नोकरीला निघून जातो. खेळाडू टिकत नाहीत. मग टिकतं कोण? प्रशिक्षक टिकला तरच बचाव टिकतो. फॉस्टरच्या हाताखालून किती पिढ्या गेल्या असतील; पोरं बदलत राहिली, पण त्यांना अडवायचं कसं हे सांगणारा माणूस बदलला नाही, म्हणून बचावाची रीत बदलली नाही.

आता घराकडे येतो. नाशिकच्या शैलजा जैन. या सभेत किती जणांना हे नाव माहीत आहे, मी विचारत नाही, लाज वाटायला नको. तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी नाशिकमध्ये मुलींना कबड्डी शिकवली. ज्या काळात मुलीला अर्धी विजार घालून मैदानावर पाठवायला आई-बाप तयार नसत, त्या काळापासून. निवृत्तीच्या वयानंतर त्यांना बोलावणं आलं ते इराणहून, तिथल्या महिला संघाला शिकवायला.

इराणच्या मुली तेव्हा अगदीच नवख्या होत्या असं कुणी समजू नये. 2010 साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत महिला कबड्डी पहिल्यांदा आली तेव्हा त्यांना कांस्य मिळालं होतं. 2014 ला इंचिऑनमध्ये अंतिम फेरीत त्या आपल्याकडून 31-21 अशा हरल्या. पाया होता. जैनबाईंना सापडलं ते बळकट अंग आणि अधीर मन. इराणात कुस्तीची परंपरा जुनी, हातात पकड आधीपासूनच, पण ती कधी वापरायची आणि कधी आवरायची हे कळणं वेगळं. बाईंनी त्यांना योगासनं आणि प्राणायाम करायला लावला. स्वतः फारसी शिकल्या, कारण दुभाषामार्फत ‘आत्ता!’ असं ओरडता येत नाही. तिथल्या कायद्याप्रमाणे डोकं झाकून राहिल्या, आणि हिजाब घालून धावणाऱ्या, झोंबणाऱ्या पोरींना तयार केलं. शाकाहारी बाई, परका देश, वय साठीच्या आसपास. कल्पना करा.

23 ऑगस्ट 2018, जकार्ता. 1990 च्या बीजिंगपासून आपल्या पुरुष संघाने आशियाई स्पर्धेतलं कबड्डीचं सुवर्ण एकदाही सोडलं नव्हतं, ओळीने सात. त्या दिवशी उपांत्य सामन्यात इराणने आपल्याला 27-18 असं हरवलं. देश सुन्न. दुसऱ्या दिवशी महिलांचा अंतिम सामना, पुन्हा भारत विरुद्ध इराण. मध्यंतराला आपण पुढे होतो. नंतर इराणच्या मुलींनी घाई सोडली. त्या थांबल्या, भारताच्या चढाया कोरड्या जाऊ दिल्या, आणि शेवटी 27-24. बाजूला उभी असलेली नाशिकची बाई आपल्याविरुद्ध जिंकली होती. त्यानंतर काही लोकांनी त्यांना देशद्रोही वगैरे म्हटलं. मला ते बोलणं तेव्हाही मूर्खपणाचं वाटलं आणि आजही वाटतं. ज्याने आयुष्यभर एक विद्या सांभाळली त्याला ती विकायला नव्हे, द्यायला जागा हवी असते. ती जागा घराजवळ असती तर कुणाला तेहरानला जायची हौस नसती.

या गोष्टीचं दुसरं टोकही बघा. मुंबईच्या यू मुम्बा संघाने इराणचे घोलामरेझा मझांदरानी यांना प्रशिक्षक म्हणून आणलं. प्रो कबड्डीत पकडींचे सर्वाधिक गुण कुणाचे, तर इराणच्या फझल अत्राचलीचे. पुणेरी पलटण 2024 मध्ये विजेती झाली तेव्हा त्या हंगामात पकडीचे सर्वाधिक, 99 गुण घेणारा मोहम्मदरेझा शादलू, तोही इराणी. म्हणजे पकड शिकवायला आपण इराणहून माणूस आणतो आणि इराण नाशिकहून बाई नेतो! खेळ कुणाचा म्हणायचा? 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये जगाला कबड्डी दाखवली ती आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने, इथून गाडीने चार-पाच तासांवरच्या गावाने. कबड्डीचे संघटक बुवा साळवी यांचा जन्मदिवस, 15 जुलै, आपण राज्यभर कबड्डी दिन म्हणून पाळतो. हार घालतो, भाषणं करतो. दुसऱ्या दिवशी मैदानावर शिकवायला कोण येतं?

मी हे रागाने बोलतोय असं वाटेल. थोडं आहेच. महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाची पदं वर्षानुवर्षं रिकामी राहतात, मग घड्याळी तासांवर एखादा होतकरू मुलगा येतो, दोन वर्षं राबतो, पोट भरत नाही म्हणून स्पर्धा परीक्षेला बसतो आणि तलाठी होतो. चांगलाच तलाठी होत असेल. पण त्याने जी साखळी लावायला घेतली होती ती तिथेच तुटते, आणि नवा येतो तो पुन्हा पहिल्या पानापासून. चढाईचं हे नुकसान होत नाही, कारण चढाईपटू स्वतःच्या अंगच्या जोरावर वर येतो. तो वावरातल्या बांधावरसुद्धा तयार होतो. कोपरा आणि कव्हर मात्र एकमेकांचे श्वास ओळखेपर्यंत तयार होत नाहीत, आणि ते ओळखायला लावणारा माणूस तिथे रोज लागतो.

आपल्या जिल्ह्याला हे जमतच नाही असं म्हणायला मी तयार नाही. याच बुलडाण्याचा प्रथमेश जावकर मे 2023 मध्ये शांघायला गेला आणि कंपाउंड तिरंदाजीतला जगातला अव्वल गडी, नेदरलंडचा माइक श्लोसर, याला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत 149-148 असा एका गुणाने हरवून आला. त्याच वर्षी हांगझूच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण. घाटावरच्या एका छोट्या शहरात हे झालं ते इथे रोज सकाळ-संध्याकाळ बाण सोडायला लावणारी माणसं होती म्हणून. तिरंदाजीला जे जमलं ते कबड्डीला का जमू नये? माझं उत्तर असं की तिरंदाजीत एकेका पोराला हाताशी धरून आठ-दहा वर्षं शिकवलं जातं, आणि कबड्डीत आपण एका गणेशोत्सवापासून दुसऱ्या गणेशोत्सवापर्यंतचा विचार करतो.

सरांबद्दल एवढंच सांगतो. त्यांच्याकडून शिकलेली मुलं राज्याच्या संघात फार गेली नाहीत. त्यामुळे त्यांचा सत्कार वगैरे झाला तो निवृत्तीनंतर, आणि तोही शाल-श्रीफळापुरता. पण तालुक्याच्या पंधरा-वीस गावांत आजही पोट्टे घोटा धरतात तेव्हा तोंडाकडे न पाहता पायाकडे पाहतात, आणि हे आपल्याला कुणी शिकवलं हे त्यांतल्या निम्म्यांना ठाऊकही नाही. त्यांच्या बापांना शिकवलं होतं सरांनी.

आता मागणं. इथे गणेश मंडळांचे, सहकारी पतसंस्थांचे, ग्रामपंचायतींचे लोक बसले आहेत. दरवर्षी तुम्ही स्पर्धेसाठी वर्गणी काढता. चषक मोठा, बॅनर त्याहून मोठं, बक्षिसाची रक्कम पेपरात छापून येते. यंदा बक्षीस अर्धं करा आणि उरलेल्या पैशातून एका प्रशिक्षकाला महिन्याचं मानधन द्या. एका वर्षापुरतं नाही, निदान पाच वर्षांचं लेखी ठरवा, म्हणजे पहिल्या वर्षी आलेला पोरगा तिसऱ्या वर्षी पदवी घेईपर्यंत त्याला शिकवणारा माणूस तोच राहील. त्याला विचारू नका की यंदा किती स्पर्धा जिंकल्या. विचारा की पोट्टे साखळी धरून किती वेळ सरकतात. दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. पाच वर्षं, दरमहा, ज्याला जेवढं जमेल तेवढं. पहिल्या ओळीत माझं नाव आणि रक्कम लिहिली आहे. दुसरी ओळ रिकामी आहे.